गेम खेळताना अंगठा दुखतो. रिमोट बदलावा की हात?

पारोळेकर
नमस्कार मंडळी. कॉलेजनंतर सुटलेलं गेमिंग परत सुरू केलंय. कॉम्प्युटरला जोडायला वायरवाला रिमोट घेतला (कंट्रोलर म्हणा, आमच्याकडे सगळे रिमोटच म्हणतात). तासाभरात डाव्या अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं, रात्री मनगटापर्यंत कळ जाते. माझा पंजा लहान आहे. दुकानदार माणूस, दिवसभर हाताला फार कष्ट नाहीत.

माझं आपलं मत असं झालंय की हे रिमोट गोऱ्या लोकांच्या पंजाच्या मापानेच बनतात आणि आपण ते मुकाट्याने वापरतो. कुणाला असा त्रास आहे का? लहान हाताला कुठला आकार बरा? जळगावला किंवा धुळ्याला हातात धरून बघता येईल असं दुकान आहे का? मी जिथे गेलो तिथे खोक्याला हात लावू देईनात.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट
खेळतोस काय ते सांग आधी. कार, फुटबॉल की मारामारी? त्यावर सगळं अवलंबून आहे भो.

पारोळेकर
फुटबॉल जास्त. कधीमधी गाड्या.

यार्डातला
आमच्या वेळी भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये ती टीव्ही गेमची चपटी चौकोनी डबी असायची. कोपरे तळव्यात रुतायचे, अंगठ्याला घट्टा पडायचा, तरी दिवाळीच्या सुट्टीत सकाळी बसलो की आई जेवायला ओढून नेईस्तोवर कॉन्ट्रा. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, बटणं या ओळीने दाबली की तीस जीव! कुणाचं काही दुखलं नाही. हल्लीची पोरं नाजूक झालीत, बाकी काही नाही.

फिजिओ_धुळे
यार्डातला दादा, दुखत होतं, तुम्ही विसरलात एवढंच. १९९० मध्येच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरांनी निन्टेन्डो खेळून अंगठा दुखावलेल्या बाईंबद्दल पत्र लिहिलं होतं. 'निन्टेन्डिनायटिस' हे नाव तेव्हापासूनचं. म्हणजे तुमच्या त्या डबीचाच जमाना.

पारोळेकर दादांसाठी सविस्तर उद्या लिहिते, आत्ता पेशंट आहेत.

यार्डातला
ताई, घट्टा अजून आहे, दाखवू का?

गोलाणीचा_राजा
मापाचं बोललात त्यावर थोडी असहमती. प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो दोन्ही जपानी. तिथली माणसं काही पैलवान नाहीत. पण तुम्ही अगदीच हवेत बोलत नाही आहात. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिला एक्सबॉक्स काढला तेव्हा त्याचा कंट्रोलर एवढा अगडबंब होता की लोकांनी त्याचं नाव 'ड्यूक' पाडलं. जपानसाठी मग लहान आकाराचा वेगळा काढावा लागला, 'कंट्रोलर एस'. गंमत म्हणजे तो अमेरिकेतही लोकांना जास्त आवडला आणि थोड्याच काळात तिकडेही मोठ्याच्या जागी हाच आला. म्हणजे मोठ्या पंजाच्या लोकांनाही मोठा कंट्रोलर नको होता.

आता मुख्य भानगड स्टिकच्या जागेची, म्हणजे अंगठ्याने हव्या त्या दिशेला ढकलायच्या त्या छोट्या दांडीच्या. दोन घराणी आहेत. प्लेस्टेशनमध्ये दोन्ही स्टिक खाली, शेजारी शेजारी. एक्सबॉक्समध्ये डावी वर, उजवी खाली. निन्टेन्डोचा प्रो कंट्रोलरही तसाच तिरपा. प्लेस्टेशनचं असं का, तर १९९४ च्या मूळ कंट्रोलरला स्टिक नव्हत्याच. डाव्या अंगठ्याची चांगली जागा अधिकच्या चिन्हाच्या बटणाला दिलेली होती. १९९७ मध्ये स्टिक आल्या तेव्हा उरलेल्या जागेत, खाली बसवल्या. तीच मांडणी आजपर्यंत चालू आहे. ज्या खेळात स्टिकच सतत लागते, म्हणजे फुटबॉल, गाड्या, बंदुकीचे खेळ, तिथे डावा अंगठा दिवसभर आत वळून बसतो. लहान पंजाला ते जास्त जाणवतं.

तुमचा सध्याचा कुठल्या घराण्यातला?

पारोळेकर
शेजारी शेजारीवाला. कंपनीचं नाव घेत नाही, स्वस्तातला आहे.

तिरपा_नकोच
झालं, एक्सबॉक्सवाले आले. राजाभाऊ, उजवी स्टिक तर दोन्हीकडे खालीच असते ना? मग तुमचा उजवा अंगठा कसा नाही दुखत? मी वर्षानुवर्षं शेजारी शेजारीवाल्यावर खेळतो, दोन्ही अंगठे सारखे वळतात, मेंदूलाही सोपं जातं. आणि स्ट्रीट फायटरसारखे खेळ असतील तर अधिकचं बटण वर असलेलंच बरं, एक्सबॉक्सवर ते खाली कोपऱ्यात जातं.

गोलाणीचा_राजा
मारामारीच्या खेळासाठी तुमचं मान्य. पण फुटबॉलमध्ये डावी स्टिक एक सेकंदही सुटत नाही, उजवी मात्र मधूनमधून लागते, बाकी वेळ उजवा अंगठा वर बटणांवर असतो. म्हणून डावाच दुखतो. त्यांनी तेच तर लिहिलंय.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट
+१. आणि पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आबा_चोपडा
तुम्ही पोरं काय काय लिहून राहिले, वाचून करमणूक होते. मी मना नातूले सांगस, घरमा खरं ट्रॅक्टर शे, ते चालाड. तो म्हनस, आबा, आठे डिझेल लागत नही. त्याच्या त्या शेतीच्या गेममध्ये कापूसही पेरता येतो, वेचणीला भलं मोठं यंत्र आहे, मजुराची वाट बघायची गरज नाही. मीही बसतो कधी बाजूला. हाताचं म्हणाल तर रिमोट मांडीवर ठेवून खेळतो, दुखत नाही.

यार्डातला
आबा, तुमच्या शेतात फवारणी बाकी असताना टीव्हीवर वेचणी?

आबा_चोपडा
फवारणी झाली. पाऊस पडला वरून. म्हणून तर टीव्हीसमोर बसलो.

फिजिओ_धुळे
लिहिते म्हटलं होतं. पारोळेकर दादा, हे ऑनलाइन निदान समजू नका, पण तुमचं वर्णन ज्या गोष्टीकडे बोट दाखवतं ती अशी: अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या बाजूने दोन स्नायूंच्या दोऱ्या एका अरुंद आवरणातून जातात. अंगठा सारखा ताणला, वळवला की ते आवरण सुजतं. याला डी क्वेर्वेन म्हणतात, १८९५ मध्ये याच नावाच्या स्विस सर्जनने वर्णन केलं होतं. म्हणजे व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधीचं. माझ्याकडे याचे सगळ्यात जास्त पेशंट कोण येतात माहितीये? बाळंतीण बाया. दिवसरात्र बाळाला काखेत हात घालून उचलतात, त्याने तोच भाग सुजतो. कापूस वेचणाऱ्या बायाही येतात.

घरी बघायचं तर अंगठा मुठीत दाबा आणि मूठ करंगळीच्या बाजूला हळू वळवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटाशी चमक निघाली तर खेळ काही दिवस बंद आणि डॉक्टरांना दाखवा. जोर लावून वळवू नका, बऱ्या माणसालाही थोडा ताण जाणवतो.

मुंग्या येत असतील तर गोष्ट वेगळी. अंगठा, पहिलं बोट आणि मधलं यांना मुंग्या आल्या तर मनगटातली नस. करंगळी बधिर होत असेल तर बहुतेक कोपर. लाकडी खुर्चीच्या हातावर कोपर टेकून तासन् तास खेळणाऱ्या पोरांचं हेच होतं आणि ते कंट्रोलर बदलत बसतात. कोपराखाली उशी घ्या, पैसे वाचतील.

पारोळेकर
ताई, मूठ वळवून पाहिली. थोडं ताणलं, चमक नाही. मुंग्या नाहीत.

फिजिओ_धुळे
मग चांगलंय. आबांची युक्ती करा, हात मांडीवर किंवा उशीवर टेकवा. हवेत धरून खेळलं की पकड नकळत घट्ट होते. आणि अर्ध्या तासाने उठून पाणी प्या. कुठलाही कंट्रोलर दोन-तीन तास सलग खेळायला आरामदायक नसतो, जाहिरातीत काही लिहू द्या.

रावेरची_केळी
आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा आराम वगैरे विसरा. हाताला घाम, रिमोट माशासारखा सटकतो, मग माणूस आणखी दाबून धरतो आणि दुखतं. कूलर लावला तर हवेत दमटपणा. माझ्या एका जुन्या रिमोटचं मऊ रबरी आवरण दोन उन्हाळ्यांत चिकट झालं, बोटाला काळं लागायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फडक्याने घासून काढलं, खालचं साधं प्लास्टिक निघालं. आता तोच सगळ्यात छान धरला जातो. माझा सल्ला: खान्देशात मऊ रबराचा घेऊच नका. बारीक दाणेदार प्लास्टिकचा घ्या. शेजारी गमछा ठेवा.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट
गमछा म्हणजे शेव-भाजीचं तेल पुसायला पण.

रावेरची_केळी
तुझा रिमोट कुणी हातात घेणार नाही, निश्चिंत राहा.

मोबाईलवाला_अमळनेर
अहो रिमोट हवाच कशाला? बीजीएमआय हा बंदुकीचा खेळ मोबाईलवर खेळा. मी चार बोटांनी खेळतो, दोन्ही पहिली बोटं वरून वाकवून. सरावाने जमतं.

तिरपा_नकोच
मोबाईलवर काचेला बोट लावून ठेवायचं, खाली काही लागत नाही, म्हणून बोट उगाच ताठ राहतं. आणि मान खाली. तुझ्या त्या वाकवलेल्या बोटांचं पन्नाशीत काय होणार ते ताईंना विचार.

मोबाईलवाला_अमळनेर
पन्नाशीला वेळ आहे दादा 😄 पण खरं सांगू? स्पर्धा असली की दुसऱ्या दिवशी पहिलं बोट सरळ करताना खटकतं.

फिजिओ_धुळे
खटकतं म्हणजे अडकून कट् असा आवाज होतो का? होत असेल तर हसण्यावारी नेऊ नकोस. वेगळा मेसेज कर.

गोलाणीचा_राजा
हा धागा बघून एक जुनी गंमत आठवली. निन्टेन्डो ६४ ची स्टिक गरागरा फिरवायचे खेळ होते मारिओ पार्टीत. अंगठ्याने वेग येईना म्हणून पोरं तळवा स्टिकवर ठेवून घासायची. तळव्याला फोड, जखमा. शेवटी २००० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तडजोड झाली आणि निन्टेन्डोने तक्रार करणाऱ्यांना हातमोजे देऊ केले. कंट्रोलर तसाच, वरून हातमोजे!

यार्डातला
आम्हाला कुणी दिले नाहीत. घट्ट्याबद्दल भरपाई मिळेल का?

गिरणाकाठ
फारसं लिहीत नाही इथे, पण हा विषय जवळचा. माझ्या मोठ्या भावाची उजव्या हाताची तीन बोटं जिनिंगमध्ये गेली. अंगठा आणि पहिलं बोट आहे. आधी तो आणि मी मिळून खेळायचो, नंतर त्याने रिमोटला हात लावणंच सोडलं. पोरगा म्हणाला, बाबा, दोघे मिळून एक माणूस खेळवू. एक्सबॉक्समध्ये 'कोपायलट' म्हणून सोय आहे, दोन कंट्रोलर एकाच खेळाडूला जोडता येतात. भाऊ डाव्या हाताने पळवतो, पोरगा गोल मारतो. भांडणं प्रचंड. पण रोज संध्याकाळी दोघे बसतात.

आणखी एक, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर' काढला. दोन मोठ्या बशीएवढ्या कळा आणि मागे १९ छोटी भोकं, हेडफोनच्या पिनची. प्रत्येक भोकाला वेगळं बटण जोडायचं. पायाने दाबायचं, कोपराने दाबायचं, जसं जमेल तसं. सोनीनेही २०२३ च्या शेवटी 'ॲक्सेस' नावाचा गोल कंट्रोलर काढला. भावाला नको म्हणतो तो, त्याला पोराबरोबरचंच आवडतं. पण बटणं आपल्याला हवी तशी बदलून घेता येतात हे धडधाकट माणसांनीही लक्षात घ्यावं. बहुतेक लोक खोक्यातून जसं आलं तसंच वापरतात.

पारोळेकर
गिरणाकाठ दादा, भावाला नमस्कार सांगा. बटणं बदलण्याचं जरा समजावून सांगाल का? माझ्याकडे कॉम्प्युटरच आहे.

गिरणाकाठ
स्टीममधून (कॉम्प्युटरवर गेम घ्यायचं-खेळायचं ॲप) खेळत असाल तर कुठल्याही खेळासाठी कंट्रोलरची मांडणी बदलता येते. खेळाला कळतही नाही. माझ्यापेक्षा राजाभाऊ चांगलं सांगतील.

गोलाणीचा_राजा
सांगतो. तुमच्या अंगठ्यासाठी तीन गोष्टी तपासण्यासारख्या.

फुटबॉलमध्ये आपण स्टिक पुढे ढकलतो ती कडेला टेकते, तरी जोर लावतच राहतो. कडेला टेकल्यावर खेळाला जे कळायचं ते कळलेलं असतं, वरचा जोर फक्त अंगठ्याला बसतो. स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टिकची बाहेरची मर्यादा कमी करता येते, म्हणजे पाऊण ढकलली तरी पूर्ण ढकलल्यासारखं धरतं. हे एक करून बघा, आजच. पैसे लागत नाहीत.

बंदुकीच्या खेळात पळायला डावी स्टिक आत दाबावी लागते. अंगठ्याला सगळ्यात वाईट तेच. ते दुसऱ्या बटणावर टाका, किंवा एकदा दाबलं की पळतच राहील असं करा.

तिसरं, स्टिकचा कडकपणा. स्वस्त रिमोटमध्ये काहींच्या स्प्रिंगा फार कडक असतात.

रावेरची_केळी
आणि ड्रिफ्ट? हात न लावता माणूस आपोआप चालतो ते? मग त्याला सावरायला उलटा जोर लावत बसतो.

गोलाणीचा_राजा
बरोबर. नेहमीच्या स्टिकमध्ये आत कार्बनच्या पट्टीवर घासणारा काटा असतो, तो झिजतो. हॉल इफेक्टवाल्यात चुंबक आणि सेन्सर, एकमेकांना न टेकता, त्यामुळे घासून झिजण्याचा प्रश्न नाही. नवं नाही हे, सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेमच्या यंत्रात १९९८ मध्येच होतं. आता मध्यम किमतीच्या रिमोटमध्येही मिळतं. पण लक्षात ठेवा, हॉल इफेक्ट म्हणजे टिकाऊपणा. हाताला आराम त्याने मिळत नाही. दुकानदार दोन्ही एकत्र करून विकतात.

तिरपा_नकोच
वजनाचं कुणी बोललं नाही. प्लेस्टेशनचा जुना रिमोट ड्युअलशॉक ४ साधारण २१० ग्रॅम, नवा ड्युअलसेन्स साधारण २८०. लहान हाताला तो फरक तासाभराने कळतो. त्याचे कडक होणारे ट्रिगर (मागची, पहिल्या बोटाने दाबायची बटणं) मजेदार आहेत, पण गाड्यांच्या खेळात पहिलं बोट थकतं. सेटिंगमध्ये बंद करता येतात. बघा, माझ्या घराण्याचीही उणीव सांगतो मी!

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट
तिरपा भाऊ आज सात्त्विक मूडमध्ये. भरीत-पुरी झालेली दिसते.

तिरपा_नकोच
कळण्याची भाकरी. पुरीवर उगाच आळ घेऊ नका.

यार्डातला
भरिताला जळगावची पांढरट-हिरवी वांगीच हवीत. काळ्या वांग्याच्या भरिताला भरीत म्हणणाऱ्यांनी या धाग्यावर लिहू नये.

फिजिओ_धुळे
धागा गेला वांग्यात. पारोळेकर दादांचा प्रश्न अजून तसाच आहे मंडळी, हातात धरून कुठे बघायचं?

गोलाणीचा_राजा
दुकानात नाहीच बघू देणार, खोकं फोडलं की गिऱ्हाईक घेत नाही, त्यांचंही बरोबर आहे. गेम पार्लरमध्ये जा. तासाचे पैसे द्या, आज प्लेस्टेशन, उद्या एक्सबॉक्स. धरताना असं बघा: डोळे मिटून रिमोट उचला, अंगठे सैल सोडा. डावा अंगठा आपोआप जिथे पडतो तिथे स्टिक आहे का? लांबचं बटण दाबताना पूर्ण हात सरकवावा लागतो का? लागत असेल तर तुम्हाला मोठा आहे. उलट, मागच्या बोटांची टोकं तळव्यात रुतत असतील तर लहान. पहिली बोटं ट्रिगरवर ठेवून मधली बोटं कुठे टेकतात तेही बघा. बऱ्याच रिमोटला मधल्या बोटासाठी जागाच नसते.

पारोळेकर
काल जळगावला मालासाठी गेलो होतो, एका पार्लरमध्ये दोन्ही प्रकार धरून खेळलो. पार्लरवाला पोरगा हसत होता, काका डोळे मिटून काय करता म्हणून. माझा डावा अंगठा खरंच वरच पडतो, म्हणजे तिरपावाल्याच्या स्टिकवर. उजव्याला दोन्हीकडे फरक वाटला नाही, तिरपा_नकोच म्हणाले तसंच. पण मोठा धक्का म्हणजे तिथला एक्सबॉक्सचा रिमोट माझ्या हातात मावला. मला वाटत होतं तो मोठा पडेल. मुळात माझा पंजा लहान असला तरी बोटं बरी लांब आहेत, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नवा अजून घेतला नाही. आधी राजाभाऊंची बाहेरच्या मर्यादेची युक्ती केली आणि हात उशीवर टेकवले. दुखणं निम्म्याने कमी. पूर्ण गेलं नाही.

तिरपा_नकोच
बोटं लांब, पंजा लहान. तुम्ही पियानो घ्या, रिमोट सोडा.

गोलाणीचा_राजा
निम्मं राहिलंय ते आकाराचं असणार. घाई नको. सणाच्या सेलमध्ये तिरपा, दाणेदार प्लास्टिकचा, वायरवालाच घ्या, बॅटरीचं वजनही वाचेल.

आबा_चोपडा
नातू म्हणतो आबांना पण घ्या एक. मी म्हटलं आधी कापसाला भाव येऊ दे.

डावरी_नंदुरबार
नवीन सदस्य आहे, पूर्ण धागा वाचला. मी डावखुरी आहे. बंदुकीच्या खेळात नेम उजव्या अंगठ्याने धरायचा असतो, मला जमत नाही आणि उजवाच अंगठा दुखतो. डावखुऱ्यांसाठी उलटा रिमोट मिळतो का?

गोलाणीचा_राजा
उलटा शोधत बसू नका, स्टिक अदलाबदल करा. बऱ्याच बंदुकीच्या खेळांत 'साउथपॉ' नावाची मांडणी असते, नेम डावीकडे आणि चालणं उजवीकडे. खेळात नसेल तर प्लेस्टेशन ५ च्या ॲक्सेसिबिलिटीत बटणांच्या मांडणीत दोन्ही स्टिक बदलता येतात. कॉम्प्युटरवर असाल तर स्टीमच्या लायब्ररीत त्या खेळाच्या पानावर उजवीकडे कंट्रोलरचं चिन्ह आहे, तिथून आत जा. कुठला खेळ ते सांगा, मी मांडणी करून पाठवतो.